फळा पुसायचा नाही

सोमवार, ४

आजपासून रोजचं लिहायचं ठरवलं. कारण एकच. माझं म्हणणं कुणीतरी पुरतं ऐकून घ्यायला हवं, आणि शाळेत ते आता होत नाही. नव्या मुख्याध्यापिका माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच "हो हो ताई, कळलं" म्हणतात. काय कळलं? कपाळ!

आज शिक्षकांच्या खोलीत गोड आवाजात सांगितलं, पाचवीचे दोन वर्ग करायचे. ज्यांना पटापट येतं ते इथे, ज्यांना वेळ लागतो ते मागच्या इमारतीत. मागच्या इमारतीतली ती खोली मला माहीत आहे. मोडकी बाकं, गॅदरिंगचे पडदे आणि फुटलेला पृथ्वीचा गोल. तिथे एकदा गेलेलं मूल परत पुढच्या इमारतीत आलेलं मी पाहिलेलं नाही. मागच्या वर्षी सहावीची पाठवली होती, ती अजून तिथेच आहेत. त्यांना आता कुणी काही विचारतसुद्धा नाही.

मी तोंडावर सांगितलं, "माझा वर्ग फुटणार नाही."

सगळ्यांनी चहाच्या कपात माना घातल्या. मॅडम हसल्या. "बघू ना ताई. पालकदिन होऊ दे, मग ठरवू."

बघा, बघा. मीपण बघते.

बुधवार, ६

माझ्या वर्गाची एक रीत आहे. फळा मी माझ्या मनाने पुसत नाही. "पुसू?" असं विचारते. सगळे "पुसा" म्हणाले तरच डस्टरला हात लावायचा. एकानेही "थांबा" म्हटलं तर फळा तसाच. मग ज्यांना समजलंय त्यांनी उठून त्या मुलाच्या बाकाशी जायचं आणि त्याला समजावायचं. नव्याने आलेल्या शिक्षकांना हे पोरखेळ वाटतात. वाटू देत.

आणि गुण कसा आला बघा. सत्राच्या सुरुवातीला तासाला चार वेळा "थांबा" व्हायचं. आता महिना झाला, एकदाही नाही! आमची चिमणी (खिडकीपाशी बसते, आवाज एवढासा, म्हणून सगळे चिमणी म्हणतात) पूर्वी दर गणिताला "थांबा" म्हणायची. आता मी "पु" म्हणते न म्हणते तोच सगळ्यांत आधी तिचं "पुसा" येतं. आज तर वकीलबाईंनी, म्हणजे पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या बाईसाहेबांनी, मागे वळून वर्गावर एक नजर फिरवली आणि सगळा वर्ग एका सुरात "पुसा!" काय शिस्त आहे पोरांची!

शेवटच्या तासाला पहिलीतल्या पिल्लांना गोष्टी वाचून दाखवायला गेलो. बुधवारचा हा तास माझ्या मुलांना जीव की प्राण. चिमणीच्या मांडीवर दोघं, पाठीवर एक. ती पुस्तक न बघताच सांगत होती आणि पिल्लं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मॅडम दारातून बघून गेल्या. घड्याळाकडेही बघितलं त्यांनी. यांच्या पोटात का दुखतं कुणास ठाऊक.

सोमवार, ११

पालकदिनाला सरबत आमच्या वर्गाकडे. मीच मागून घेतलं. अपूर्णांक चालू आहेत, याहून चांगला धडा कुठला? सहा जणांचं प्रमाण सासूबाईंकडून घेतलं. पाऊण वाटी साखर, पाव चमचा मीठ, तीन लिंबं. आता एकशे ऐंशी माणसांचं किती ते पोरांनी काढायचं. लिंबं काढली, साखर काढली, मिठाचं गणित फळ्यावर मांडलं, तेवढ्यात मॅडम दारात.

"ताई, हे सगळं मजेचं आहे हो, पण पुस्तकातले किती धडे राहिले?"

झालं. मला राग आवरतोय थोडाच? दारातच उभं राहून सुनावलं. पुस्तकातले धडे म्हणजे काय गोणीतले बटाटे आहेत का मोजून उतरवायला? त्याही काहीतरी बोलल्या. वळले तेव्हा घंटा होत होती. पोरांनी फळाभर काहीबाही लिहून ठेवलेलं.

"झालं? सगळ्यांना समजलं? पुसू?"

"पुसा!"

पुसलं. मुलांचं काम मुलांनी केलं, मी नाक खुपसलं नाही. याला म्हणतात विश्वास. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "तू बघितलंस का पण, किती आलं ते?" म्हटलं, आई, बघायचं काय त्यात? महिनाभर "थांबा" नाही आमच्या वर्गात!

"असं का," म्हणाल्या आणि भाजी निवडत बसल्या.

शनिवार, १६

लिहायला हात उचलत नाही. पण लिहिणार.

सकाळी सगळं झकास चाललं होतं. मोठमोठी पिंपं, स्वच्छ फडकी, पोरांच्या डोक्याला रुमाल. पाहुण्यांचं स्वागत करणारे वेगळे, पेले धुणारे वेगळे, सगळी कामं त्यांनीच वाटून घेतलेली. चिमणीकडे ढवळायचं काम. मी पालकांना बसवत होते. मध्येच चिमणी पळीचं दांडकं धरून माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हटलं हात भरून आले असतील पोरीचे. दुसऱ्याला ढवळायला दिलं आणि तिला पेले पुसायला पाठवलं. काहीतरी पुटपुटली, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय.

पहिला पेला मॅडमना. मीच दिला, मुद्दाम, ताठ मानेने.

त्यांनी घोट घेतला. आणि तो घोट कुठे टाकावा हे त्यांना कळेना.

मग सगळीकडे तेच. कुणाचा ठसका, कुणी कुंडीत ओतलं, कुणाच्या बाबांनी बिचाऱ्यांनी मुलीच्या समाधानासाठी अख्खा पेला संपवला आणि मग नळाखाली तोंड धरून बसले. समुद्र बरा म्हणायची वेळ. साडेसात चमचे मीठ लागायला हवं होतं. पोरांनी मोजून एकशे वीस चमचे टाकलं होतं!

तीस गुणिले पाव. आणि या महाभागांनी पावाला उलटा केला. तीस गुणिले चार. भागाकारात अपूर्णांक उलटा करायचा हे आत्ताच शिकवलेलं, ते गुणाकारात घुसवलं. एकाने नाही, दोघांनी नाही. अख्ख्या वर्गाने.

मॅडम बोलल्या असत्या तर परवडलं असतं. नुसता पेला माझ्या हातात परत दिला.

रविवार, १७

सासूबाई सकाळपासून हसतायत. नणंदेला फोन करून सांगितलं. हसू देत. मी आज काही लिहिणार नाही.

सोमवार, १८

बोलावणं आलंच. टेबलावर कागद तयार. बारा मुलं मागच्या इमारतीत. पहिलं नाव चिमणीचं. येत्या सोमवारपासून.

"ताई, मला तुमचा अपमान करायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "पण या मुलांना येत नाही आणि येत नाही हे तुम्हालाच माहीत नाही. हे जास्त वाईट नाही का?"

अंगाचा तिळपापड झाला. खरं असेल म्हणून काय मान्य करायचं? म्हटलं, "एक चूक झाली. चूक कुठल्या वर्गात होत नाही?"

"चूक एकाची असते. ही तर सगळ्यांची." मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, "ठीक आहे. शुक्रवारी मी स्वतः येते. फळ्यावर एक उदाहरण घालीन. बाराही जणांना आलं तर कागद फाडते. एकालाही नाही आलं तर सोमवारी वर्ग वेगळे, आणि वाद नको. नाहीतर मला तुम्हाला ग्रंथालय द्यावं लागेल."

ग्रंथालय म्हणजे काय ते मला कळतं. पुस्तकांवरची धूळ झटकायची आणि निवृत्तीची वाट बघायची.

"या शुक्रवारी," मी म्हटलं. दार जरा जोरात लागलं. वारा होता.

मंगळवार, १९

आज वर्गाला गोलात बसवलं आणि तोफ डागली. का म्हणालात "पुसा"? येत नव्हतं तर का म्हणालात? मी काय तुम्हाला खाते?

सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. शेवटी वकीलबाई उभ्या राहिल्या. दोन्ही वेण्या मुठीत धरलेल्या, पण बोलायची काय थांबत नाही.

"बाई, रागावणार नाही म्हणा."

"रागावलेलीच आहे. बोल."

"बुधवारी कुणी 'थांबा' म्हटलं की पहिलीचा तास जातो. तुम्हीच म्हणता, आधी गणित पुरं करू. दोनदा गेला. पिल्लं जिन्यात येऊन बसली होती आमची वाट बघत. तेव्हा आम्ही सुट्टीत ठरवलं, कुणीच 'थांबा' म्हणायचं नाही. रोजच नाही म्हणायचं, नाहीतर बुधवारी तोंडातून निघतं."

"सगळ्यांनी ठरवलंत?"

"मत घेतलं. तुमच्यासारखं. हात वर करून."

हात वर करायला मीच शिकवलं.

"आणि चिमणी?" मी विचारलं.

चिमणीने पहिल्यांदाच मान वर केली. "मी 'थांबा' म्हटलं की सगळे माझ्या बाकाशी येतात. सगळे एकदम सांगतात. मग मला काहीच ऐकू येत नाही. मग मी 'कळलं' म्हणते. म्हणजे ते जातात." मग म्हणाली, "आणि बाई, तुम्ही 'शाब्बास, विचारलंस' म्हणता, पण तेव्हा घड्याळाकडे बघता."

मी बघते? छे. कधीच नाही.

मग विचारलं, शनिवारी ढवळताना माझ्याकडे काय बघत होतीस? म्हणाली, "मिठाचा ढीग खूप मोठा वाटत होता. यांना सांगितलं. हे म्हणाले, गणित बरोबर आहे, बाईंनी पुसलं पण."

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, मी बोलताना घड्याळाकडे बघते का हो? ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर घेतला.

बुधवार, २०

रडत बसायला वेळ नाही. शुक्रवारी मॅडम भागाकाराचंच घालणार, पैज लावते. भागाकार म्हटला की दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. उलटा करा आणि गुणा. आज दिवसभर तेच. बाराही जणांकडून पंचवीस-पंचवीस गणितं घटवून घेतली. डब्याच्या सुट्टीतसुद्धा. चिमणीच्या बोटांना शाई.

एकदा तिने विचारलं, "बाई, पण उलटा का?" म्हटलं, बाळा, शुक्रवारनंतर. आता फक्त कर.

पहिलीचा तास आज घेतला नाही. पिल्लांना म्हणे कुणीतरी सांगितलं, दादा-ताई आजारी आहेत.

सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे त्या मॅडमना जे हवंय तेच तू करत्येस. फक्त पुढच्या इमारतीत." त्यांना शाळेतलं काय समजतं! मी मागे हटणारी नाही, एवढंच मला माहीत आहे.

शुक्रवार, २२

सगळं लिहून काढते, जसं झालं तसं.

मॅडम दुसऱ्या तासाला आल्या. फळ्यावर लिहिलं. साडेचार लिटर दूध, पाऊण लिटरच्या बाटल्या, किती बाटल्या भरतील? मला तर टाळी वाजवावीशी वाटली. भागाकारच!

बाराही जणांच्या वह्या त्यांनी स्वतः तपासल्या. एकेका वहीपाशी माझा जीव वरखाली. सहा. सहा. सहा. चिमणीची वही सर्वांत शेवटी. सहा! नीट, उलटा करून, गुणून, छेद देऊन, सहा.

मॅडमचा चेहरा खरंच उजळला. वाईट बाई नाहीत त्या, हे मला आज मान्य करावं लागतंय. पर्समधून तो कागद काढला, दोन्ही हातांत धरला आणि हसत वर्गाला म्हणाल्या, "तुमची ती रीत आहे ना? चला, आज मी विचारते. पुसू?"

"पुसा!"

आणि खिडकीकडून एवढासा आवाज. "थांबा."

कागद अजून फाटलेला नव्हता. मी चिमणीकडे बघून डोळे मोठे केले, मान हलवली, जे जे करता येतं ते केलं. अगं बये, जिंकलोय आपण!

"काय झालं बाळ?" मॅडम म्हणाल्या. "तुझं तर बरोबर आहे."

"हो. पण मला कळलं नाही." चिमणी उभी राहिली. बाक दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. "सरबताच्या वेळी पण उलटाच केला होता. तेव्हा चुकलं. आज बरोबर आलं. मी दोन्ही वेळा तेच केलं. कधी करायचा आणि कधी नाही, ते मला कळत नाही. उद्या तुम्ही दुसरं घातलंत तर परत खारट होईल."



मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर निभावलं असतं. "घाबरलीय हो, येतं तिला." एवढंच. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ती पोर अशी उभी होती की मला ते म्हणवेना. महिनाभर सगळ्यांसाठी गप्प बसलेली मुलगी बोलली होती, आणि तिला खाली बसवायचं मी? माझीच रीत मोडून?

"मॅडम," मी म्हटलं, "फळा पुसायचा नाही."

"ताई, विचार करा. मी काय बोलले होते ते लक्षात आहे ना?"

"आहे. पण 'कळलं नाही' म्हणणाऱ्याला तुम्ही मागच्या खोलीत पाठवणार असाल तर उद्यापासून सगळ्यांनाच सगळं कळेल. तुम्ही विचाराल तेव्हा 'हो मॅडम', मी विचारेन तेव्हा 'हो बाई'. मग आपण दोघी बसू खारट सरबत पीत."

तेवढ्यात वकीलबाई उठल्या. "मॅडम, माझंपण थांबा. मला येतं सगळं, पण उलटा का ते नाही माहीत." मग मागून एक. मग आणखी तिघं. तीही पोरं, ज्यांची नावं कागदावर नाहीत.

मॅडमनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "सोमवारी शिपाई येईल मुलांना न्यायला," म्हणाल्या आणि गेल्या. आवाजात राग नव्हता. थकल्या होत्या. पण मीही थकलेय, त्याचं काय?

रविवार, २४

दिवसभर घरातल्या बाटल्या, वाट्या, भांडी ओट्यावर मांडून बसले होते. साडेचार लिटर पाणी. पाऊण पाऊण ओतत. पाऊण म्हणजे तीन पाव, आणि साडेचारमध्ये असे पाव अठरा. मग तिनाचा एक एक गट. आधी चाराने गुणलं, मग तिनाने भागलं. म्हणजे उलटा झाला! आपोआप! इतकी वर्षं शिकवतेय, पण हातात भांडं घेऊन बघायचं कधी सुचलंच नाही. ओट्यावर सगळीकडे पाणी. सासूबाई फडकं घेऊन पुसत होत्या, आणि मग त्याही ओतायला बसल्या.

"उद्या काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"शिकवणार."

"आणि नोकरी?"

"ती त्यांच्या हातात आहे. शिकवणं माझ्या."

फडकं पिळत म्हणाल्या, "माझं मोठं पातेलंपण ने. तुझी बाटली पुरायची नाही तेवढ्या पोरांना."

सोमवार, २५

फळ्यावर शुक्रवारचं गणित तसंच होतं. सफाईवाल्या मावशींना पोरांनी बजावून ठेवलं होतं म्हणे.

बाकं बाजूला सारली. मध्ये पातेलं, भोवती बाटल्या. कुणी कुणाच्या बाकाशी धावायचं नाही, ज्याला हवं त्याने येऊन ओतायचं. चिमणी पहिली. बाही वर सारून, जीभ ओठात धरून ओतत होती. मी घड्याळ भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं होतं. उगाच शंका नको.

दुसरी बाटली भरत असताना शिपाईकाका दारात आले. हातात कागद. बिचाऱ्यांनी नावं वाचायला चष्मा लावला आणि पहिलंच नाव वाचून थांबले. त्यांच्या मागे जिन्याच्या वळणावर मॅडम उभ्या असलेल्या मला दिसल्या. पुढे येत नव्हत्या, जातही नव्हत्या.

चिमणीने बाटली खाली ठेवली, हात फ्रॉकला पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, मी जाऊ?"

"तुला कळलं?"

"अजून नाही."

"मग बस," मी म्हटलं, जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "बस आणि ओत."